तारणाचे घरगुती रूप : ‘स्मृतिचित्रे’चा एक पुनर्विचार

१

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेव्हापासून मराठी आत्मचरित्रांच्या परंपरेत या ग्रंथाला जे अग्रस्थान लाभले आहे, त्याविषयी फारसा मतभेद नाही. मतभेद आहे, निदान असावयास हवा, तो या अग्रस्थानाच्या कारणांविषयी. आपल्या अध्यापनात आणि परीक्षणात या ग्रंथाचे गुणविशेष सांगण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. प्रांजळपणा, घरगुती भाषा, स्वतःवरही उलटणारा विनोद, आणि कवी नारायण वामन टिळकांच्या लहरी पण उदार स्वभावाचे जिवंत चित्रण, हे ते गुण होत. हे सर्व खरेच आहे. परंतु या यादीत धर्मविचाराला स्थान मिळते ते पार्श्वभूमी म्हणून. टिळक ख्रिस्ती झाले, त्यामुळे संसार मोडला व पुढे पुन्हा जुळला, एवढ्यापुरतेच ख्रिस्ती धर्माचे या ग्रंथातील प्रयोजन आहे, असा वाचकाचा समज होतो.

याच्या उलट टोकाला ख्रिस्ती वाचकांचा एक वर्ग आहे. त्यांच्या दृष्टीने ‘स्मृतिचित्रे’ ही एक ‘साक्ष’ आहे. देवाने एका जीवाला कसे वळवले, याचा तो वृत्तांत आहे. विनोद, फजित्या, भांडणे, रुसवेफुगवे ही या साक्षीला लावलेली चव, एवढाच त्यांचा अर्थ हे वाचक करतात. दोन्ही वाचनपद्धती परस्परांच्या विरोधी दिसल्या, तरी त्या एकाच गृहीतकावर उभ्या आहेत. ग्रंथातील विनोद वेगळा आणि ग्रंथातील श्रद्धा वेगळी, हे ते गृहीतक होय.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक तपासून पाहावयाचे आहे. लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे की, ‘स्मृतिचित्रे’ हा संकटातून झालेल्या सुटकेच्या गोष्टींचा ग्रंथ आहे. या गोष्टी घरात पुन्हा पुन्हा सांगितल्या गेल्या आहेत. आणि त्यांचे सांगणे हेच लक्ष्मीबाईंच्या धर्मजीवनाचे खरे रूप आहे. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला ‘तारण’ म्हणतात, ते येथे सिद्धान्ताच्या भाषेत क्वचितच येते. ते पाण्याच्या भांड्यात, चुलीपाशी आणि दारात आलेल्या माणसात येते. हे म्हणणे मान्य झाले, तर विनोद आणि श्रद्धा यांची फारकत टिकत नाही.

२

प्रथम या ग्रंथाच्या जन्माचा विचार करू. लक्ष्मीबाईंचे पुत्र देवदत्त नारायण टिळक यांच्या मनात वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आईने दिलेल्या आठवणींत चरित्रनायकाबरोबर सांगणारीही इतक्या ठसठशीतपणे उभी राहिली की, चरित्राचे साधन व्हावयास निघालेले लेखन स्वतंत्र ग्रंथ झाले. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या खटपटीने. म्हणून या ग्रंथाचे गद्य लेखणीचे कमी आणि जिभेचे जास्त आहे. ते मुलाला उद्देशून सांगणाऱ्या आईचे गद्य आहे.

मुलाने विचारावे आणि वडीलधाऱ्याने सांगावे, या क्रमाला बायबलाच्या परंपरेत फार मोठा अर्थ आहे. जुन्या करारातील ‘निर्गम’ या पुस्तकात वल्हांडण सणाचे जे नियम दिले आहेत, त्यांत असे सांगितले आहे की, पुढे मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना मिसर देशातील दास्यातून झालेल्या सुटकेची हकीकत सांगावी. ‘अनुवाद’ या पुस्तकातही हीच आज्ञा पुन्हा येते. तेथे सांगणाऱ्याने ती हकीकत दूरच्या पूर्वजांची म्हणून सांगावयाची नसून स्वतःची म्हणून सांगावयाची असते. दास्यात होतो ते आम्ही, आणि सोडवले गेलो तेही आम्हीच, असा तिचा सूर असतो. देवाच्या उपकाराचे स्मरण मंदिराइतकेच, किंबहुना मंदिरापेक्षा अधिक, घरातील पंगतीवर सोपवलेले आहे, ही या परंपरेतील लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट होय.

मराठी भाषेच्या प्रदेशात या परंपरेचा सर्वांत जुना वारसा कोकणातील बेने इस्राएल समाजाकडे आहे. या समाजाने वल्हांडणाला मराठी नाव दिले ते आंबवणाचे भांडे झाकून ठेवण्याच्या घरगुती रीतीवरून. आणि आजारातून उठल्यावर किंवा नवस फेडताना एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिद्याचे ताट मांडण्याची चाल त्याने कायम ठेवली. सुटकेचे स्मरण स्वयंपाकघरातील वस्तूंच्या द्वारे करण्याची ही मराठी रीत ‘स्मृतिचित्रे’च्या अभ्यासकाने ध्यानात घ्यावी. दोहोंत ऋणानुबंध आहे असे येथे सुचवावयाचे नाही. एकाच भाषेत आणि साधारण सारख्याच घरगुती संस्कृतीत बायबलातील कथा रुजते, तेव्हा ती कोणत्या दिशेने वाढते, एवढेच त्यावरून दिसते.

अहमदनगर (२०२४ पासून शासकीय नाव अहिल्यानगर) येथे हे रुजणे वेगळ्या मार्गाने झाले. अमेरिकन मराठी मिशनचे काम येथे १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे पत्र १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. परंतु उपासनेला मराठी वळण लागले ते पुढे, कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवींनी पदे रचली आणि १८६० नंतर ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पडली तेव्हा. पूर्वरंग, आख्यान, टाळ, मृदंग हा सारा साज तोच. आख्यान मात्र बायबलातले. पुढे टिळकांनी या प्रवाहाला जी अभंगांची आणि भजनांची जोड दिली, ती ‘उपासनासंगीत’ या संग्रहाच्या द्वारे मराठी ख्रिस्ती घराघरांत पोहोचली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो, ही टिळकांची स्वतःविषयीची समजूत सुप्रसिद्ध आहे.

तात्पर्य, ज्या नगरात लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती जीवन घडले, तेथे देवाने केलेल्या सुटकेचे स्मरण करण्याचे दोन मार्ग उपलब्ध होते. एक गाण्याचा, दुसरा गोष्टीचा. टिळकांनी मुख्यत्वे पहिला मार्ग घेतला. लक्ष्मीबाईंनी कविता केल्या, टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ही पुढे नेले, तरीही त्यांचा स्वतःचा मार्ग दुसराच होता.

३

गोष्टीच्या या मार्गाला नगर जिल्ह्यात एक थोर पूर्वसूरी आहे. त्याचा उल्लेख ‘स्मृतिचित्रे’च्या चर्चेत सहसा होत नाही. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे कुळकर्णी महीपती (१७१५–१७९०) यांनी ‘भक्तिविजय’ १७६२ मध्ये आणि ‘भक्तलीलामृत’ १७७४ मध्ये पूर्ण केले. पूजेच्या वेळी जहागीरदाराचे बोलावणे आल्यावरून त्यांनी दप्तराची लेखणी ठेवून दिली व संतचरित्रांखेरीज काही न लिहिण्याचा निश्चय केला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. याच राहुरीस टिळक कुटुंबाचे काही वर्षे वास्तव्य होते. आणि ज्या अमेरिकन मराठी मिशनशी टिळकांचा संबंध आला, त्याच मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी पुढे महीपतींच्या ग्रंथांची इंग्रजी भाषांतरे सिद्ध करण्यात आयुष्याची अखेरची वर्षे घालविली. भूगोल आणि इतिहास या दोहोंनी जवळ आणलेले हे दोन ग्रंथकार वाङ्मयविचारात मात्र एकमेकांपासून दूर ठेवले गेले आहेत.

महीपतींच्या कथांतील तारणाची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. भक्त संकटात सापडतो. ते संकट बहुधा घरगुती किंवा व्यावहारिक असते. दळण उरलेले असते, पाणी भरावयाचे असते, सरकारी धान्याचा हिशेब द्यावयाचा असतो. अशा वेळी देव स्वतः वेषांतर करून येतो आणि ते काम करतो. जनाबाईबरोबर तो दळतो. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडीने पाणी वाहतो. दामाजीपंतांसाठी विठू महार होऊन बादशहाच्या दरबारात रक्कम भरतो. काम उरकले की तो निघून जातो, आणि तो देव होता हे भक्ताला मागाहून कळते. या कथांचे सौंदर्य दोन गोष्टींत आहे. एक, देवाला कोणतेही काम हलके वाटत नाही. दुसरी, ओळख पटेपर्यंत घरातले कोणी त्याला देव म्हणून वागवीत नाही.

महीपतींच्या पोथ्या एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय घरांत वाचल्या जात. ज्या पिढीत लक्ष्मीबाई वाढल्या, त्या पिढीच्या कानांवर या गोष्टी पडल्या नसतील असे मानणे कठीण आहे. तथापि येथे थेट ऋण सिद्ध करण्याचा हेतू नाही. गोष्टीच्या घडणीतील साम्य आणि भेद पाहणे अधिक फलदायी आहे. साम्य उघड आहे. ‘स्मृतिचित्रे’तही संकट घरगुतीच असते. पैसे नसतात, पाहुणे आलेले असतात, यजमान घरखर्चाची रक्कम भलत्याच कामी लावून मोकळे झालेले असतात, मूल आजारी असते, साथ आलेली असते. सुटकाही होते, आणि ती बहुधा अनपेक्षित दिशेने होते.

भेद मात्र मूलगामी आहे. लक्ष्मीबाईंच्या गोष्टीत देव वेषांतर करून येत नाही. येतो तो माणूसच, आणि काम झाल्यावर तो माणूसच राहतो. दामाजीपंतांच्या कथेत महाराचे रूप हे देवाचे तात्पुरते वस्त्र आहे. ते गळून पडले की खऱ्या महाराचे काय झाले, हा प्रश्न कथेला पडत नाही. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात असे वस्त्र नाही. ज्याच्या हातून मदत झाली, त्याच्याबरोबर दुसऱ्या दिवशीही राहावे लागते, त्याच्या पंगतीला बसावे लागते, त्याच्याशी भांडावेही लागते. तारणानंतरचा दुसरा दिवस हा या ग्रंथाचा विशेष विषय आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

४

हा विशेष सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो सोवळ्याच्या प्रकरणात. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाई आपल्या माहेरचे, नाशिकजवळच्या जलालपूरचे, चित्र काढतात. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड जडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याखेरीज घरात यावयाचा नाही, असा दंडक पडला आणि मिठासारखी वस्तूही त्यातून सुटली नाही. वाचक येथे हसतो. हसावे अशीच लक्ष्मीबाईंची योजना आहे. परंतु या हास्याच्या मागे काय आहे, हे पाहिले पाहिजे. एका राजकीय मृत्यूच्या भयाने एका माणसाला ग्रासले आहे, आणि तो ते भय पाण्याने धुऊन काढू पाहत आहे. मीठ पाण्यात विरघळते, भय मात्र तसेच राहते. त्या घरातील मुले, बायका आणि येणारे-जाणारे या धुण्याचे कैदी होतात.

दास्याच्या या चित्रापासून ग्रंथाचा आरंभ व्हावा, हा योगायोग नाही. वल्हांडणाच्या गोष्टीचा आरंभही दास्यापासूनच होतो. सुटकेची गोष्ट सांगणाऱ्याला आधी कशातून सुटलो हे सांगावे लागते. लक्ष्मीबाई ते सांगतात. परंतु वडिलांवर रोष धरून सांगत नाहीत. त्यांचे वडील फारो नाहीत. तेही त्याच दास्यात अडकलेले आहेत, ही जाणीव त्या वर्णनात सर्वत्र भरलेली आहे, आणि तिथल्या विनोदाचे मूळ याच जाणिवेत आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पुढे सुमारे चार-पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट राहिली. या काळाचे वर्णन ग्रंथातील सर्वांत करुण भाग आहे. पुन्हा एकत्र राहण्याचा विचार झाला, तेव्हाही लक्ष्मीबाईंनी धर्म सोडला नव्हता. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, विटाळाचे नियम वेगळे. टिळकांनीही पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. या अवस्थेत एक दिवस लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत बसतात आणि जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न स्वतःला घालून त्याचे उत्तर काढतात. प्राण्यांच्या जाती आकारावरून ओळखू येतात, माणसांच्या येत नाहीत, या साध्या निरीक्षणावर त्यांचा निर्णय उभा राहतो. निर्णय होताच त्याची अंमलबजावणी होते ती पाणी पिण्याच्या आणि अन्न घेण्याच्या कृतीत. कोणाच्याही हातचे घ्यावयाचे, असे ठरते आणि तसे घडते.

मराठीतील धर्मांतरकथांत या प्रसंगाला जोड नाही. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त धर्मांतराचा मार्ग वाचनातून, वादातून आणि ग्रंथप्रामाण्याच्या परीक्षणातून जातो. पंडिता रमाबाईंनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी साक्षकथनात पापाची जाणीव आणि ख्रिस्ताच्या कृपेचा अनुभव ही कथेची मध्यवर्ती घटना आहे. टिळकांच्या बाबतीतही नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाकडून मिळालेला नवा करार आणि त्यातील डोंगरावरील प्रवचन हे निर्णायक ठरले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत निर्णायक ठरतो तो पाण्याचा पेला. त्यांचा बाप्तिस्मा या घटनेनंतर होतो. आणि ग्रंथाच्या रचनेत तो या घटनेचा परिणाम म्हणून येतो. जलालपूरच्या घरातील पाणी भयाने धुण्यासाठी होते. नगरच्या वर्षांतील पाणी दुसऱ्याच्या हातून घेऊन पिण्यासाठी आहे. एकाच वस्तूच्या या दोन उपयोगांत लक्ष्मीबाईंची तारणकल्पना सामावलेली आहे. ती कोणत्याही धर्मशास्त्रीय व्याख्येपेक्षा अधिक नेमकी आहे, कारण ती तपासून पाहता येते. पेला घेतला की नाही, एवढेच पाहावयाचे असते.

येथे एक आक्षेप संभवतो. हा प्रसंग मुळात सामाजिक सुधारणेचा आहे, धर्माचा नव्हे. स्पर्शबंदी मोडणारे सुधारक हिंदू समाजातही होते, असे कोणी म्हणेल. आक्षेप सयुक्तिक आहे. परंतु सुधारकाच्या लेखनात असा निर्णय तत्त्वाचा विजय म्हणून येतो आणि सुधारक तेथे कर्ता असतो. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात सूर निराळा आहे. आपण काही मोठे केले, असे त्यांना वाटत नाही. आपल्यावरचे ओझे उतरले, असे वाटते. कर्तृत्वाचा अभिमान आणि सुटकेचा आनंद यांतील हा फरक सूक्ष्म असला, तरी वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे. या दुसऱ्या भावनेलाच धार्मिक भाषेत कृतज्ञता म्हणतात.

५

आता विनोदाचा प्रश्न. लक्ष्मीबाईंचा विनोद कशावर उभा आहे? त्यांच्या बहुतेक विनोदी प्रसंगांची घडण सारखी आहे. टिळक काहीतरी अव्यवहार्य करून बसतात. घरावर लहानमोठी आपत्ती येते. लक्ष्मीबाई चिडतात, रडतात, भांडतात. मग कशीतरी वेळ निभावते. आणि अनेक वर्षांनंतर ती गोष्ट सांगताना सांगणारीला हसू येते. या शेवटच्या पायरीकडे आपले दुर्लक्ष होते. प्रसंग घडला तेव्हा तो हसण्याजोगा नव्हता. उपाशी राहण्याची पाळी, परगावी एकटे पडणे, पती न सांगता निघून जाणे, यांत हसण्यासारखे काय आहे? हसू येते ते निभावले म्हणून. जो बुडाला तो हसत नाही. किनाऱ्याला लागलेलाच आपल्या गटांगळ्यांची नक्कल करू शकतो.

या दृष्टीने पाहता ‘स्मृतिचित्रे’तील विनोद हा उपकारस्तुतीचाच एक प्रकार ठरतो. लक्ष्मीबाई प्रत्येक प्रसंगाच्या अखेरीस देवाचे आभार मानीत बसत नाहीत, आणि यावरून काही वाचकांनी त्यांच्या श्रद्धेचे माप कमी धरले आहे. परंतु आभार मानण्याची आणि आनंद व्यक्त करण्याची एकच रीत असते असे नाही. टिळकांच्या अभंगांत कृतज्ञता सरळ देवाला उद्देशून येते. लक्ष्मीबाईंच्या गद्यात ती श्रोत्यांना उद्देशून येते. पहिली प्रार्थना आहे, दुसरी जेवणानंतरची गोष्ट आहे. ‘निर्गम’मधील आज्ञेत या दुसऱ्या प्रकाराचा समावेश आहे, हे वर आलेच आहे.

रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींशी तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथेही थोर पतीच्या सहवासातील संसार आहे, आणि पत्नीचे शिक्षणही पतीकडूनच झालेले आहे. परंतु रमाबाईंच्या निवेदनात पती आदर्शाच्या उंचीवर राहतो. कृतज्ञता आहे ती त्याच्याविषयी. लक्ष्मीबाईंच्या निवेदनात पती कधी तारणारा असतो, कधी संकटाचे कारण असतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकाच वेळी असतो. म्हणून त्यांची कृतज्ञता पतीवर येऊन थांबू शकत नाही. ती त्याच्या पलीकडे जाते. कोठे जाते, हे त्या फारसे सांगत नाहीत. पण ती जाते हे वाचकाला जाणवते.

याला आणखी एक पुरावा आहे. ताटातुटीच्या वर्षांत लक्ष्मीबाईंना आसरा मिळाला तो त्यांच्या हिंदू आप्तांकडे. काही काळ त्या पंढरपुरासही होत्या. धर्मांतराच्या परंपरागत कथेत जुन्या धर्मातील आप्त हे अडथळ्याच्या जागी असतात. ‘स्मृतिचित्रे’त ते तारणाऱ्यांच्या रांगेत बसतात. ज्यांनी घास दिला, मूल सांभाळले, समजूत घातली, त्यांचे ऋण ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिलेल्या ग्रंथात तसूभरही कमी झालेले नाही. तारणाचा अर्थ संप्रदायाच्या चौकटीत बसवला असता, तर हे शक्य झाले नसते. पुढे नगरच्या टिळकांच्या घरी बालकवी ठोमरे राहिले, ते हिंदूच राहिले आणि घरातलेच होऊन राहिले. ज्या घराला माणसे आणून सोडवले, ते घर माणसांना दार उघडे ठेवते, एवढाच याचा अर्थ. अतिथी, अनाथ, प्लेगच्या साथीत पोरकी झालेली मुले, कवी, शिष्य यांनी भरलेले हे घर म्हणजे लक्ष्मीबाईंचा नित्याचा सण होय. सणाला वेगळा दिवस नेमण्याची आवश्यकता त्यांना वाटलेली दिसत नाही.

६

येथवरचे विवेचन ग्रंथाच्या बाजूचे झाले. परंतु तारण हा शब्द वापरावयाचा, तर कोणाचे तारण, हा प्रश्न टाळता येणार नाही.

नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार आणि मांग या जातींतून आलेला आहे. १८९९–१९०० च्या दुष्काळात आणि त्यापुढच्या वर्षांत अनेक कुटुंबांचा मिशनशी संबंध आला, तो अन्न, निवारा, शाळा आणि माणूस म्हणून मिळणारी वागणूक यांच्या द्वारे. त्यांच्या बाबतीत पाण्याच्या पेल्याची गोष्ट उलट दिशेने सांगावी लागेल. लक्ष्मीबाई सोडवल्या गेल्या त्या शिवण्याच्या भयातून. ही माणसे सोडवली गेली, किंवा सोडवली जाण्याची आशा धरून राहिली, ती न शिवले जाण्याच्या अपमानातून. एकीला पेला घेण्याचे धैर्य हवे होते. दुसऱ्यांना पेला कोणी घेईल की नाही याची वाट पाहावी लागत होती. दोन्ही सुटका खऱ्या आहेत, पण त्या एक नव्हेत.

‘स्मृतिचित्रे’ या दुसऱ्या सुटकेच्या दारापर्यंत वाचकाला आणतात. ज्यांच्या हातचे पाणी घेतले ती माणसे ग्रंथात दिसतात, त्यांना चेहरे आहेत, स्वभाव आहेत, त्यांची थट्टा आहे आणि त्यांच्याविषयी माया आहे. परंतु त्या क्षणी त्यांना काय वाटले, हे ग्रंथ क्वचितच विचारतो. महीपतींच्या कथेत खऱ्या महाराचे काय झाले हा प्रश्न पडत नाही, असे वर म्हटले. लक्ष्मीबाईंच्या ग्रंथात तो माणूस डोळ्यांसमोर उभा असतो, हे मोठेच अंतर कापले गेले आहे. तो बोलत मात्र नाही. या उणिवेचा दोष एकट्या लक्ष्मीबाईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आत्मचरित्र हे एकाच मुखाचे वाङ्मय आहे, आणि त्या मुखाने जेवढे पाहिले तेवढे प्रामाणिकपणे सांगितले आहे. परंतु आपण अभ्यासकांनी ‘स्मृतिचित्रे’ला मराठी ख्रिस्ती जीवनाचा एकमेव आरसा मानण्याची जी सवय लावून घेतली आहे, ती सोडली पाहिजे.

दुसरी मर्यादा ग्रंथाच्या शेवटाशी संबंधित आहे. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नव्या बंधुसंघाचे काम आरंभिले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतरचा लक्ष्मीबाईंचा काळ, मुंबईची वसतिगृहातील नोकरी, मुलाबरोबरचे कराचीतील वास्तव्य, हा भाग पहिल्या भागांच्या तोडीचा उतरलेला नाही, असे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. सामान्यतः याचे कारण वय आणि आजार हे दिले जाते. प्रस्तुत लेखकाला दुसरे एक कारण संभवनीय वाटते. सुटकेची गोष्ट रंगावयास काळाचे अंतर लागते. ती अनेकदा सांगून झालेली असावी लागते. जुन्या आठवणी घरात वर्षानुवर्षे सांगितल्या जाऊन घडीव झाल्या होत्या. कराचीच्या आठवणींना तेवढा अवधी मिळाला नाही. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या, आणि अखेरचा मजकूर देवदत्तांनी जोडून ग्रंथ पुरा केला. ज्या मुलाच्या प्रश्नाने गोष्ट सुरू झाली होती, त्यानेच ती पुढे सांगितली. घरगुती स्मरणपरंपरेचा हा क्रम ग्रंथाच्या अपुरेपणातूनही प्रकट होतो.

१९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तायना’कडे पाहिले, तर हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूने दृढ होतो. टिळकांनी आरंभिलेल्या या ओवीबद्ध ग्रंथाचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला. तेथे तारण हाच उघड विषय आहे, ख्रिस्त हाच नायक आहे, आणि पोथीची सारी परंपरा हाताशी आहे. तरीही वाचकाने जपून ठेवला तो ग्रंथ ‘ख्रिस्तायन’ नसून ‘स्मृतिचित्रे’ होय. याचा अर्थ वाचकाला धर्म नको होता, असा लावण्याची घाई करू नये. पोथीत लक्ष्मीबाई दुसऱ्याने पाहिलेल्या सुटकेची गोष्ट सांगत होत्या. आठवणींत त्या स्वतः सुटल्या होत्या.

७

या विवेचनावरून दोन कामे निघतात. पहिले असे की, ‘स्मृतिचित्रे’ शिकविताना विनोद आणि धर्म ही दोन स्वतंत्र प्रकरणे करू नयेत. जलालपूरच्या धुतलेल्या मिठापासून नगरच्या पाण्याच्या पेल्यापर्यंतचा मार्ग विद्यार्थ्याला एकसंध दाखवावा. मग त्यातील हसू कोठून येते हे वेगळे सांगावे लागणार नाही. या वाचनात महीपतींना बरोबर घ्यावे. ताहाराबाद आणि राहुरी यांतील अंतर फार नाही. आपल्या अभ्यासक्रमात ते अकारण वाढले आहे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. नगर, राहुरी, नेवासे, शेवगाव, पारनेर या तालुक्यांतील खेडोपाडीच्या ख्रिस्ती घरांत आजही वडीलधाऱ्यांच्या तोंडी कुटुंबाच्या हकीकती आहेत. आजोबा कोणत्या दुष्काळात गाव सोडून निघाले, कोणी दाराशी उभे केले आणि कोणी केले नाही, पहिली पाटी कोणाच्या हाती पडली, कीर्तनाला मृदंग कोण वाजवी, अशा त्या हकीकती आहेत. नाताळच्या आणि पुनरुत्थानाच्या सणाला, लग्नात, नव्या घरात शिरताना त्या सांगितल्या जातात. त्यांना लिहून घेणारा देवदत्त लाभलेला नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी जवळच्या गावापासून आरंभ करावा. घरातील लहान मुलाला जवळ बसवून घ्यावे व प्रश्न त्याला विचारू द्यावा. उत्तर अधिक मोकळेपणाने मिळेल. या हकीकती ‘स्मृतिचित्रे’च्या शेजारी ठेवून वाचल्या जातील, तेव्हाच पाण्याच्या त्या पेल्याची दुसरी बाजू मराठी वाङ्मयाला कळेल.